कळीची निगा : अंगणातील फुलझाडांचा थोडा इतिहास

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी फुलझाडांच्या निगेविषयी चार शब्द लिहावेत अशी सूचना आली, तेव्हा छाटणी केव्हा करावी, खत किती घालावे, कीड कशी घालवावी, एवढे सांगून मोकळे व्हावे असे प्रथम मनात आले. परंतु लिहावयास बसल्यावर ध्यानात आले की, ज्या झाडांची निगा आपण रोज राखतो त्यांचा इतिहास आपणांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतो. आणि तो ठाऊक झाला म्हणजे निगेचे नियम केवळ पाठ करावयाचे राहत नाहीत, त्यांच्यामागचे कारणही उलगडते. म्हणून या लेखात मी दोन्ही गोष्टी बरोबरच सांगणार आहे. ऋतूंचा क्रम हाच लेखाचा क्रम समजावा.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून ठेवते. आपल्या अंगणातील पुष्कळशा फुलझाडांना बी धरत नाही. दुहेरी पाकळ्यांचा बटमोगरा घ्या. त्यातील पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे फूल भरगच्च दिसते. पण बी नाही. देवाला वाहावयाची आपली जुनी लाल जास्वंद घ्या, तिलाही सहसा बी येत नाही. वारा, पाखरे, पाऊस यांच्यावर विसंबून ही झाडे एका जागेहून दुसऱ्या जागी जाऊ शकत नाहीत. म्हणजे आज महाराष्ट्रात बटमोगऱ्याचे जे जे झुडूप उभे आहे ते कोणीतरी, केव्हातरी, हाताने फांदी तोडून किंवा दाबून लावलेले आहे. आणि ज्या झाडाची ती फांदी, तेही तसेच लावलेले होते. ही साखळी कित्येक शतके मागे जाते. मधली एक कडी जरी निखळली असती तरी त्या ओळीतील झाड आपणांपर्यंत पोहोचले नसते. राजांचे, प्रवाशांचे आणि पंडितांचे उल्लेख ग्रंथांतून सापडतात. या साखळीतील हातांचे सापडत नाहीत. ते हात बहुतांशी घरातल्या बायकांचे असले पाहिजेत असे मला वाटते, कारण परसातले पाणी, उष्टी-खरकटी आणि देवपूजेची फुले ही त्यांच्याच वाट्याची कामे होती.

आता मोगऱ्यापासूनच आरंभ करू. संस्कृतात त्याला मल्लिका म्हणतात, तसेच मुद्गर असेही नाव आहे. या मुद्गरावरूनच मोगरा हा शब्द आला. मुद्गर म्हणजे ठोकण्याची मोगरी. बारीक दांड्यावर बसलेली टपोरी, गोल कळी पाहिली म्हणजे हे नाव उमललेल्या फुलावरून नव्हे, तर कळीवरूनच पडले असावे असे मनात येते. आपण बायकाही मोगरा विकत घेतो तो कळीच्याच रूपात. पहाटे सूर्य वर येण्यापूर्वी पूर्ण भरलेली, पण न उमललेली कळी खुडावयाची, दुपारपर्यंत ओल्या फडक्यात ठेवावयाची आणि गजरा गुंफावयाचा. संध्याकाळी ती केसांत उमलते. हे झाड रात्री हिंडणाऱ्या पतंगांसाठी फुलते. म्हणून रंग पांढरा आणि वास अंधार पडल्यावर अधिक.

मोगऱ्याचे वर्ष चैत्रात सुरू होते असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ते पौषात सुरू होते. मोगऱ्याची कळी जुन्या लाकडावर येत नाही, नव्या फुटव्याच्या टोकाला येते. तेव्हा उन्हाळ्यात कळ्या हव्या असतील तर हिवाळ्यात फुटव्याची तयारी केली पाहिजे. मार्गशीर्ष सरता सरता पाणी तोडावे आणि सुमारे पंधरा दिवस झाडाला ताण द्यावा. पाने पिवळी पडून गळू लागतात. मग साधारण दीड फुटावर सर्व फांद्या छाटाव्यात, वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या मुळाशी काढाव्यात, आळे उकरून मुळांना दोन-चार दिवस ऊन दाखवावे, आणि चांगले कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड घालून आळे भरून भरपूर पाणी द्यावे. माघ-फाल्गुनात लालसर कोवळे फुटवे येतात आणि त्यांच्या टोकाला तीन-तीन कळ्यांचे झुबके दिसू लागतात. फळबागवाले ज्याला बहार धरणे म्हणतात, तेच हे. संत्री-मोसंबीच्या बागेत ताण देऊन बहार धरण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. परसातल्या मोगऱ्याला तोच न्याय लागतो, एवढेच आपण विसरतो.

छाटल्यावर फुटवे का येतात, याचे उत्तर मात्र फार जुने नाही. फांदीचा शेंडा एक द्रव्य तयार करतो. ते खाली उतरते आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवते. शेंडा काढला की तो पहारा उठतो आणि डोळे जागे होतात. केनेथ थिमन आणि फोल्क स्कूग या दोघांनी १९३३-३४ च्या सुमारास अमेरिकेत हे प्रयोगाने दाखविले. त्यांनी शेंडा खुडलेल्या रोपाच्या कापलेल्या टोकाला ते द्रव्य लावले, तेव्हा खालचे डोळे पूर्वीप्रमाणेच झोपून राहिले. तुळशीचे शेंडे खुडले म्हणजे तुळस डेरेदार होते, हे आपल्या घरात कोणाला ठाऊक नव्हते? कारण शास्त्रज्ञांनी शोधले, कृती मात्र आधीपासूनच वृंदावनाशी चालू होती.

चैत्र-वैशाख हा कळीचा हंगाम, आणि कळी गळण्याचाही. कळी गळते याचे कारण बहुधा पाण्यातील अनियमितपणा. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी बादली ओतली की झाड कळी टाकते. थोडे पाणी, पण ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी द्यावे. मुळाशी वाळका पालापाचोळा पसरावा म्हणजे ओल टिकते. पानांच्या पाठीमागे बारीक जाळे आणि पानांवर फिकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हात तो फार वाढतो. पानांच्या पाठीवर जोराने पाणी मारीत गेल्यास पुष्कळसा आटोक्यात येतो. देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत मोगऱ्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असे दृश्य नेहमी दिसते. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे झाडाला ते घेता येत नाही. अशा वेळी १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारावे आणि खतात कुजलेला पालापाचोळा वाढवावा. कोकणातील तांबड्या मातीत हा त्रास क्वचितच होतो.

याच कोकणपट्टीतून मोगरा थेट इटलीला गेला, ही हकिगत सर्वांनी ऐकण्यासारखी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्स येथे मेदिची घराण्यातील तिसरा कोसिमो हा ग्रँड ड्यूक राज्य करीत होता. त्याची कारकीर्द १६७० ते १७२३ अशी झाली. त्याने गोव्याहून दुहेरी मोगऱ्याची रोपे मिळविली आणि फ्लॉरेन्सजवळील कास्तेल्लो येथील आपल्या बागेत लावली. तिकडच्या थंडीत ती जगणे अशक्य, म्हणून हिवाळ्यासाठी त्यांना उबदार घर बांधण्यात आले. इटालियन भाषेत या फुलाला आजही 'मुगेरिनो' म्हणतात. त्या शब्दात आपला मोगरा सहज ओळखू येतो. ड्यूकला या झाडाचा इतका लोभ की बागेबाहेर एकही फांदी जाऊ नये अशी त्याने सक्त ताकीद दिली होती, असे सांगतात. पुढची दंतकथा अशी आहे : बागेतील एका तरुण माळ्याने आपल्या वाग्दत्त वधूला एक डहाळी चोरून दिली. तिने ती जमिनीत खोचली, डहाळी जगली, आणि तिच्या फांद्यांपासून रोपे करून विकून त्या दोघांनी आपला संसार उभा केला. कथा खरी की रचलेली हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिच्यातील मर्म खरे आहे. बी नसलेले झाड कुलूप लावून जपता येत नाही. ते फांदी देऊनच जपावे लागते.

गोव्याचा उल्लेख आला म्हणून पारिजातकाविषयीही येथेच सांगते. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याने हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात पारिजातकावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याने ऐकलेली कथा अशी की, एका सरदाराची कन्या सूर्यावर भाळली. सूर्याने तिला टाकले. तिने प्राणत्याग केला. तिच्या चितेच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत. आपल्याकडे रुक्मिणी-सत्यभामेची कथा घरोघरी सांगतात : झाड एकीच्या अंगणात आणि फुले दुसरीच्या. युरोपीय वैद्याच्या कानी मात्र दुसरीच कथा पडली. पुढे १७५३ साली लिनीअसने या झाडाला शास्त्रीय नाव दिले, त्यात 'दुःखी वृक्ष' हाच अर्थ कायम राहिला.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी केरळच्या किनाऱ्यावर डच अधिकारी व्हान रीड याने तेथील वनस्पतींचा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. 'हॉर्टस मलबारिकस' हे त्याचे नाव. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. इट्टी अच्युतन या वैद्याची माहिती हा त्याचा मुख्य आधार. परंतु आपणांस जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, या ग्रंथाच्या आरंभी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मणांची साक्ष देवनागरी लिपीत छापलेली आहे. परदेशी ग्रंथात छापली गेलेली देवनागरी अक्षरे इतक्या जुन्या काळी फार विरळा. आणि ती आली फुलापानांच्या निमित्ताने.

आता पावसाळा. मृगाच्या सरी पडून जमीन निवली की मोगरा ओसरतो आणि जाई, जुई, सायली, अनंत यांचे राज्य सुरू होते. अनंत मूळचा चीनकडचा. त्याचे शास्त्रीय नाव अमेरिकेतील चार्ल्स्टनच्या अलेक्झांडर गार्डन या डॉक्टरावरून पडले आहे. बागेशी त्या नावाचा संबंध नाही. अनंताला आंबटसर, भुसभुशीत माती लागते, आणि कळी धरल्यावर कुंडी हलविलेली त्याला खपत नाही. भरलेली कळी तपकिरी होऊन गळते. म्हणून जागा आधीच ठरवावी.

पावसाळ्यातील मुख्य शत्रू म्हणजे बुरशी. आळ्यात पाणी तुंबू देऊ नये, दाट फांद्या विरळ कराव्यात, आणि गुलाबाच्या पानांवर काळे डाग दिसताच ती पाने गोळा करून जाळावीत. फवारणीसाठी बोर्डो मिश्रण चांगले. त्याचाही इतिहास गमतीचा आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळील द्राक्षमळ्यांत रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडीत असत. उद्देश एवढाच की, वाटसरूंनी ते पाहून द्राक्षे तोडू नयेत. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसले की, मळ्यातील इतर वेली केवडा रोगाने गेल्या असता रस्त्याकडेच्या तेवढ्या हिरव्या आहेत. त्याने प्रयोग करून १८८५ साली ही कृती प्रसिद्ध केली. घरगुती प्रमाण असे : १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, आणि दोन्ही एकत्र ढवळून, गाळून त्याच दिवशी वापरावे. भांडे लोखंडी नसावे. मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि पूजेची किंवा गुलकंदाची फुले घ्यावयाची असतील त्या झाडावर ते मारू नये.

शरद ऋतू गुलाबाचा. विजयनगरच्या दरबारी १४४३ साली आलेला इराणी वकील अब्दुर रझाक याने त्या शहरात गुलाब जिकडेतिकडे विकला जातो आणि तेथील लोकांना तो अन्नाइतकाच आवश्यक वाटतो, अशा आशयाची नोंद केली आहे. पुढे मोगल दरबारात गुलाबाच्या अत्तराचे श्रेय एका स्त्रीला दिलेले आढळते, आणि तेही खुद्द बादशहाच्या लेखणीने. जहांगिराने १६१४ च्या सुमाराच्या आपल्या आत्मवृत्तात लिहिले आहे की, त्याची सासू, म्हणजे नूरजहानची आई अस्मत बेगम, गुलाबपाणी करीत असता ऊन पाण्यावर आलेला तवंग तिने थोडा थोडा करून जमविला. त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तर सारी सभा दरवळते आणि जणू गुलाबाच्या पुष्कळ कळ्या एकदम उमलल्या असे वाटते. त्याने तिला मोत्यांची माळ दिली आणि सलीमा सुलतान बेगमने त्या अत्तराला नाव दिले. स्वयंपाकघरातील पातेल्यावरचा तवंग टाकून न देता निरखून पाहणारी ही नजर मला फार मोलाची वाटते.

युरोपातील जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब चीनचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते कलकत्त्यामार्गे युरोपात पोहोचले, म्हणून फ्रान्समध्ये त्यांना 'बंगाल गुलाब' असे नाव पडले. कलकत्त्याची वनस्पती-बाग १७८७ साली स्थापन झाली होती. या दोन कुळांच्या संकरातून आजचे बाराही महिने फुलणारे गुलाब निघाले. १८६७ सालचा 'ला फ्रान्स' हा त्यांतील पहिला मानला जातो. आपल्या देशात डॉ. बी. पी. पाल (१९०६-१९८९) यांनी गव्हावरील मोठे संशोधन सांभाळून गुलाबाच्या अनेक नव्या जाती तयार केल्या आणि १९६६ साली हिंदुस्थानातील गुलाबावर ग्रंथ लिहिला. आपल्या हवेत, आपल्या उन्हात टिकतील असे गुलाब इथेच घडविले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता.

देशावर गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस थांबल्यावर, दसऱ्याच्या सुमारास करावी. बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर, तिरका आणि स्वच्छ काप घ्यावा. त्या डोळ्यातून निघणारी फांदी बाहेर पसरते आणि झाडाच्या पोटात ऊन-वारा खेळतो. कापावर बोर्डोची दाट पेस्ट लावावी, नाहीतर फांदी टोकाकडून वाळत खाली येते. सहा ते सात आठवड्यांत पहिली फुले येतात. आपल्या भाषेत अंकुराला डोळा म्हणतात, आणि एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसविण्याला डोळा भरणे. बाजारातील बहुतेक गुलाब असे डोळा भरलेले असतात. खालचा खुंट रानटी असतो. जोडाच्या खालून येणारे जोमदार पाणफुटवे त्या खुंटाचे असतात. ते वेळीच काढले नाहीत तर दोन वर्षांत मूळ गुलाब मरतो आणि खुंट तेवढा माजतो. पुष्कळ घरी 'आमचा गुलाब बदलला' म्हणतात तो असा.

हेमंतात कोरांटी आणि शेवंती, आणि थंडीच्या भरात कुंद. शेवंतीला कळी धरते ती थंडीमुळे, असा समज आहे. खरे कारण रात्र मोठी होते हे आहे. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडांचे फुलणे अवलंबून असते हे गार्नर व अ‍ॅलर्ड या दोघांनी १९२० साली सिद्ध केले. म्हणून रात्रभर दिवा जळतो अशा जिन्याशी ठेवलेल्या शेवंतीच्या कुंडीला कळी धरण्यास उशीर होतो, किंवा ती धरतच नाही. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकविली तर काम होते. आणि शिशिरात सारी बाग उदास असता जी फुलते ती बोगनवेल. तिला फार पाणी दिले तर नुसती पाने येतात. ताण दिला तर रंग येतो.

या बोगनवेलीमागेही एक स्त्री उभी आहे. १७६७ साली बोगनव्हील या फ्रेंच नाविकाच्या जगप्रदक्षिणेत कोमेरसाँ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर झान बारे ही स्त्री पुरुषाच्या वेषात, नोकर म्हणून गेली, कारण जहाजावर स्त्रियांना मज्जाव होता. कोमेरसाँचा पाय दुखरा असल्याने रानावनातून नमुने गोळा करण्याचे पुष्कळसे काम तिनेच केले. ब्राझीलमधील रिओजवळ मिळालेल्या वेलीला नाव मिळाले जहाजाच्या कप्तानाचे. झान बारे पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. पण एखाद्या वनस्पतीला तिचे नाव मिळावयास २०१२ साल उजाडावे लागले. आपल्याकडील डॉ. जानकी अम्माळ (१८९७-१९८४) यांचे भाग्य थोडे बरे. इंग्लंडमधील विस्ली येथील उद्यानात फुलझुडपांच्या पेशींचा अभ्यास करीत असता त्यांनी तयार केलेल्या एका मॅग्नोलियाला त्यांचे नाव दिले गेले. १९५१ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या परत आल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची घडी त्यांनी बसविली.

सार्वजनिक बागांनीही आपले काम केले आहे. मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली छापणारे विल्यम केरी यांनीच १८२० साली कलकत्त्यात शेती व बागाईची संस्था स्थापन केली. तशाच पश्चिम हिंदुस्थानच्या संस्थेकडून पुण्याची एम्प्रेस गार्डन आणि तेथील पुष्पप्रदर्शन चालत आले आहे. मुंबईची राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली खुली झाली. या बागांमुळे नवी झाडे आली. जुनी घरगुती झाडे मात्र घरांनीच सांभाळली, आणि माझी काळजी आहे ती तेथेच.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. आमच्या वाड्याच्या मागील अंगणात माझ्या आजीचा बटमोगरा होता. तिला तो तिच्या सासूकडून मिळालेला. पूर ओसरला तेव्हा अंगणात पुरुषभर गाळ, मोडके वासे आणि दुसऱ्यांच्या घरातली भांडी होती. मोगरा मुळासकट गेला होता. वाडा पुन्हा उभा राहिला नाही. परंतु आठ-दहा वर्षांपूर्वी आजीने त्याच मोगऱ्याची दाबलेली फांदी वाईला आत्याकडे दिली होती. आजी नव्या बिऱ्हाडी आली तेव्हा आत्याने त्या झाडाचे रोप करून एका जुन्या डब्यात आणले. आज माझ्या खिडकीत फुलतो तो हाच. आजीने स्वतःपाशी ठेवलेले झाड पाण्याने नेले. दुसरीला दिलेले वाचले.

पूर एकदाच आला. वाडे मात्र त्यानंतर दर वर्षी पडत आहेत आणि त्यांच्या जागी इमारती उठत आहेत. घरातील माणसांना नवी जागा मिळते, कपाटे-भांडी हलविली जातात. परसातील झुडूप कोणाच्या यादीत नसते. रोपवाटिकेत जाऊन मोगरा विकत घेता येतो हे खरे. पण तो चार-पाच ठरलेल्या जातींपैकी असतो. पणजीच्या सासूबाईंनी माहेराहून आणलेला, जरा उशिरा फुलणारा, जरा लहान कळीचा पण रात्रभर दरवळणारा असा जो एखादा मोगरा एकाच परसात उरला आहे, त्याला बी नाही. तो गेला म्हणजे गेला.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या पावसाळ्यात प्रत्येक भगिनीने आपल्या घरच्या, किंवा पाडल्या जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्या घरच्या, जुन्या फुलझाडाची दोन रोपे करावीत. कृती सोपी आहे. जमिनीलगतची निरोगी, पेन्सिलीइतकी जाड फांदी निवडावी. शेंड्यापासून हातभर अंतरावरील पेराखाली हलकासा तिरका काप द्यावा. तो मिटू नये म्हणून त्यात काडी ठेवावी. तो भाग वाकवून तीन-चार बोटे खोल मातीत पुरावा, वर दगड ठेवावा, शेंडा बाहेर उभा राहू द्यावा. पाऊस आहेच, उघडीप पडली तर पाणी द्यावे. दोन-अडीच महिन्यांत मुळ्या सुटतात. मग मूळ झाडाकडील बाजूने फांदी एकदम न तोडता, आठवड्याच्या अंतराने दोनदा काप देऊन वेगळी करावी. एक रोप स्वतःकडे ठेवावे आणि दुसरे मंडळाच्या पुढील वाढदिवसाला घेऊन यावे. त्याला एक चिठ्ठी बांधावी : झाडाचे घरातले नाव, ते कोणाकडून आले, केव्हा फुलते. कोणत्याही ग्रंथात न सापडणारा हा इतिहास त्या चिठ्ठ्यांत लिहिला जाईल, आणि एकीच्या घरचे झाड गेले तर ते कोणाकडे मागावयाचे हे सर्वांना ठाऊक असेल.